दोन मुली, तीन स्टुलं आणि दालबित

माणसाचा चष्मा हातात घेतला की मला त्याच्याबद्दल बरंच कळतं. नाशिकरोडला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर पप्पांचं चष्म्याचं दुकान आहे आणि कॉलेज संपल्यापासून मीही तिथेच असते. एका काडीचा स्क्रू सारखा सैल होत असेल, तर तो माणूस कुशीवर झोपून मोबाईल बघतो. काचांवर ओरखडे असतील, तर तो चष्मा शर्टाच्या टोकाने पुसतो आणि वर तोंड करून नाही म्हणतो. आणि जो कोणी माझ्या मोबाईलच्या कव्हरमधला फोटो बघून 'स्नेहल, या वयात तू हे असलं ऐकतेस?' असं विचारतो, त्याची फ्रेम मी कानामागे किंचित घट्ट बसवून देते. दुसऱ्या दिवशी तो कान चोळत परत येतो, तेव्हा सैल करून देते. तेवढी शिक्षा पुरे असते.

तो फोटो दालबितचा आहे. दालबित म्हणजे चांदणं. कोरियातल्या पाच जणी, गाणाऱ्या आणि नाचणाऱ्या. मी बारावीत होते तेव्हा त्यांचं पहिलं गाणं आलं, आणि आता मी अठ्ठावीस वर्षांची आहे. पप्पा त्यांना अजून दालभात म्हणतात. मी चिडते म्हणून म्हणतात, खरं नाव त्यांना चांगलं पाठ आहे.

दालबित मला तृप्तीने दाखवली. तृप्ती देवळाली कॅम्पची, वडील आर्मीच्या वर्कशॉपात, बोलणं एकदम सडेतोड. कॉलेजला जाताना ती बसमध्ये माझ्यासाठी जागा धरायची आणि मी बसले की इयरफोनचं एक टोक माझ्या कानात खुपसायची. एके दिवशी त्या टोकातून 'छत्री' आलं. छत्री एक आणि मैत्रिणी पाच, मग भिजायचं कोणी, एवढंच ते गाणं. आम्हाला एक शब्द कळत नव्हता, पण कोण भिजतंय ते कळत होतं.

'छत्री' कोरियात सपशेल आपटलं. कंपनी लहान, पैसा नाही, पाचही जणींचे झगे एकाच ताग्यातले. त्या झग्यांच्या बाह्या बोराने रात्रभर बसून शिवल्या होत्या, असं हेरिनने पुढे एका मुलाखतीत सांगितलं. हेरिन ही त्यांची म्होरकी आणि बोरा सगळ्यात मोठी. मी हेरिन घेतली, तृप्तीने बोरा घेतली. घेतली म्हणजे त्यांच्या जागा घेतल्या. नाच पाच जणींचा होता आणि आम्ही होतो दोघी, म्हणून उरलेल्या जिआ, मिनसो आणि सोयुलच्या जागी आम्ही दुकानातली तीन स्टुलं ठेवली. नाहीतर वळताना अंदाज यायचा नाही. स्टुलं गुणी होती. कधी पाऊल चुकली नाहीत.

सराव दुकानात चालायचा, आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, शटर अर्धं ओढून. आमच्या दुकानाची एक भिंत अख्खी आरशाची आहे. अडचण अशी, की फोन समोर ठेवला तर आरसा दिसत नाही आणि आरशात बघावं तर फोनसाठी मान वळवावी लागते. पप्पांनी आमची धडपड दोन दिवस बघितली आणि मग आमच्या धंद्यातला तोडगा काढला. डोळे तपासायचा तक्ता वीस फुटांवर पाहिजे आणि आमची खोली जेमतेम दहा फुटांची. म्हणून आम्ही तक्ता पेशंटच्या डोक्यामागे लावतो आणि तो समोरच्या आरशात वाचायला सांगतो. अंतर दुप्पट होतं. तक्त्यावरची अक्षरं उलटी छापलेली असतात, ती आरशात सरळ दिसतात.

"तसंच करा की," पप्पा म्हणाले. "फोन मागे ठेवा आणि आरशात बघा. मान मोडायचं काम नाही."

आम्हाला ते इतकं पटलं की आम्ही 'छत्री' महिन्याभरात पाठ केलं. पुढची सगळी गाणीही तशीच बसवली. चुकलं एवढंच, की आम्ही उतरवून घेतलेले व्हिडिओ शिकणाऱ्यांच्या सोयीसाठी आधीच उलटे केलेले होते. आम्ही ते आरशात बघून पुन्हा उलटे केले. हेरिनचा उजवा हात तो माझा डावा हात झाला. बोरा ज्या बाजूने यायची, तृप्ती त्याच्या विरुद्ध बाजूने यायला लागली. आम्ही दोघीही सारख्याच चुकत होतो, त्यामुळे आम्हाला काहीच चुकल्यासारखं वाटलं नाही.

पहिला कार्यक्रम आमच्याच कॉलनीत झाला, जयंतीच्या स्टेजवर. कार्यक्रमाची व्यवस्था अक्काबाई बघायच्या, आणि त्यांच्या होकाराशिवाय तिथे माइकसुद्धा सुरू होत नसे. भीमगीतांच्या मधे आम्हाला पाच मिनिटं हवी आहेत म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं.

"कुठलं गाणं हाय म्हणाली?"

"कोरियाचं, अक्का."

"तिकडं बुद्धविहारं हायेत का?"

"आहेत ना. डोंगरात, मोठमोठी."

"मग करा. पण ती स्टुलं कशाला गं?"

"त्या बाकीच्या तिघी आहेत."

आम्ही नाचलो. लोकांना गाणं कळलं नाही, पण दोन मुली तीन स्टुलांना सांभाळून एवढ्या झपाट्याने फिरतायत याचंच त्यांना कौतुक वाटलं असावं. टाळ्या पडल्या. अक्काबाईंनी माइकवर सांगितलं, "पोरींनी छान केलं, स्टुलांनीपण." पुढचं वर्षभर कॉलनीत कोणीही आम्हाला बघितलं की स्टुलांची खुशाली विचारायचं.

तो व्हिडिओ तृप्तीने टाकला होता. दोन वर्षांनी त्याखाली ब्राझीलमधल्या कोणीतरी फार सभ्यपणे विचारलं, की तुम्ही सुंदर नाचता, पण सगळं उलट का करता? आम्ही आमचा व्हिडिओ आणि खरा व्हिडिओ शेजारीशेजारी लावून बघितले आणि दुकानाच्या फरशीवर बसून हसून हसून बेजार झालो. पप्पा मात्र ओशाळले. तक्त्याची युक्ती त्यांची होती. मग आम्ही सरळ बसवून बघितलं, पण पायांना ते पटेना. एकमेकींच्या अंगावर आदळायला लागलो.

"जाऊ दे," तृप्ती म्हणाली. "सरळ नाचणाऱ्या लाखो आहेत. उलट्या आपण दोघीच."

दरम्यान दालबितचं दैव पालटलं होतं. कंपनी दुसऱ्या कोणी घेतली आणि त्यांनी पाचही जणींना काळे कपडे आणि मोठाले बूट घालून 'ठिणगी' काढलं. मला अजिबात आवडलं नाही. आपल्या घरातल्या साध्या मुलीने लग्नात एकदम पार्लरवाला मेकअप करून यावं, तसं वाटलं. मी दालबितशी दोन दिवस अबोला धरला. कोरियात कोणाला त्याचा पत्ता नव्हता. तिसऱ्या दिवशी तृप्तीने मला धरून बसवलं आणि गाण्याच्या शेवटी हेरिन कॅमेऱ्याकडे कशी बघते तेवढंच दाखवलं. त्या नजरेत आपटलेलं 'छत्री' होतं, एकाच ताग्यातले झगे होते, सगळं होतं. माझा अबोला तिथेच सुटला. जग तर ओरडायलाच लागलं.

नंतर स्टेडियमं आली. विमानतळावर गर्दी आली. एक अख्खं इंग्रजी गाणं आलं, ज्यात बिचारी मिनसो 'डार्लिंग' हा शब्द असा उच्चारते की ऐकणाऱ्याला तिला पाणी द्यावंसं वाटतं. मी नाक मुरडलं, तृप्ती म्हणाली, "खपलं पाहिजे ना, स्नेहे. पोट आहे त्यांना." ती नेहमी बोरासारखीच बोलायची. मला त्या दोन-तीन वर्षांत दालबितचा अभिमानही वाटायचा आणि थोडी असूयाही. आधी त्या आमच्या दोघींच्याच होत्या.

मग बोराचा गुडघा गेला. डॉक्टरांनी नाचायला बंदी केली. कंपनी म्हणत होती की चौघींनीच कार्यक्रम करा, पण बाकीच्या अडून बसल्या. शेवटी बोरा स्टेजवर मधोमध एका स्टुलावर बसली आणि चौघी तिच्या भोवती नाचल्या. जगभर चाहते रडले. आम्हीही रडलो, पण मधेच तृप्तीने डोळे पुसत आमच्या कोपऱ्यातल्या स्टुलांकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "बघ, ह्यांचं प्रमोशन झालं." आणि आमचं रडणं हसण्यात गेलं ते गेलंच. पप्पा आतल्या खोलीत एका आजोबांचे डोळे तपासत होते. आजोबा अक्षरं वाचायची सोडून विचारायला लागले, बाहेर काय चाललंय म्हणून.

दालबितचा करार सात वर्षांचा होता आणि सात वर्षं झाली तेव्हा संपला. कंपनीने गोड शब्दांत जाहीर केलं, की आता प्रत्येकीची वाट वेगळी. तृप्तीची वाटही तेव्हाच वेगळी झाली होती. तिला रेल्वेत नोकरी लागली, मनमाडला, तिकीट खिडकीवर. मला फार आनंद झाला होता. निघायच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली तेव्हा मी ठरवत होते की सुट्टीच्या दिवशी ती आली की आपण काय काय बसवायचं.

"स्नेहे, संपलं आता ते," ती म्हणाली.

"त्या मोडल्या नाहीयेत. थांबल्यात फक्त."

"असंच म्हणतात सगळे. बोराने बेकरी टाकली, जिआ सिरियलमध्ये गेली. त्या लागल्या कामाला. तूपण लाग. किती दिवस स्टुलांबरोबर नाचणार आहेस?"

तिने ते मायेनेच म्हटलं असेल. मला ते लागलं. मी म्हटलं, तुझी गाडी सुटेल, जा. गाडी दुसऱ्या दिवशीची होती, तरी ती गेली.

पुढची जवळपास तीन वर्षं आम्ही एकमेकींना दिवाळीला शुभेच्छा पाठवल्या आणि वाढदिवसाला केकचं चित्र. बस. इकडे दालबितची खबरबात मी एकटीच ठेवत होते. हेरिन रेडिओवर कार्यक्रम करायची आणि लोकांचे प्रेमभंग निस्तरायची. जिआ प्रत्येक सिरियलमध्ये नायकाच्या बहिणीचं काम करायची. बोराच्या बेकरीतल्या पावांचे फोटो मी रोज बघायचे. सोयुलचं काहीच कळत नव्हतं, म्हणजे ती सगळ्यात शहाणी निघाली. पण खरं सांगायचं तर मला दालबितपेक्षा तृप्तीची आठवण जास्त यायची. बोराच्या पावाचा फोटो बघितला की तो कोणाला दाखवावा हा प्रश्न पडायचा, आणि उत्तर मनमाडला होतं.

या जानेवारीत एका दुपारी मी एका बाईंच्या चष्म्याचा स्क्रू शोधत जमिनीवर बसले होते आणि फोन वाजला. दालबित परत आल्या होत्या. पाचही जणी एका साध्या खोलीत, एका ओळीत बसलेल्या. आमचं नाव कंपनीकडून आम्हाला परत मिळालंय, हेरिन म्हणाली, आता आमचं स्वतःचं लहानसं ऑफिस आहे. आणि त्यांनी नवं गाणं म्हटलं, 'अंगण'. हेरिनचा आवाज खाली आला होता. बोरा उड्या मारत नव्हती, जिथे बाकीच्या उडायच्या तिथे ती नुसती टाच उचलायची आणि हसायची. तिशी ओलांडलेल्या बायका दिसत होत्या, आणि अठरा वर्षांच्या असल्याचं सोंग कोणीही आणलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मलाही आता जिना चढताना दम लागतो.

आणि हेरिनला चष्मा लागला होता. गोल, मेटलची, पातळ काडीची फ्रेम. नंबर दूरचा, दीड-पावणेदोन असेल, काचेकडे बघून सांगते. मी स्क्रू शोधायची थांबले आणि विचार करायच्या आत तृप्तीला मेसेज टाकला, 'हेरिनला चष्मा लागला.'

संध्याकाळी उत्तर आलं. 'बघितलं. फ्रेम बरी आहे. नाकावर जरा सैल.'

म्हणजे तिने बघितलं होतं. आणि बारकाईने बघितलं होतं. मी तो मेसेज पप्पांना दोनदा वाचून दाखवला.

त्याच आठवड्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातली साक्षी नावाची मुलगी दुकानात आली आणि फोनवर हेरिनचा फोटो पुढे करून म्हणाली, "ताई, ही फ्रेम आहे का?" मी माझं मोबाईलचं कव्हर तिच्यासमोर धरलं. त्यानंतर दीड तास दुकानात दुसरा धंदा झाला नाही. साक्षी दालबितकडे 'ठिणगी'पासून आलेली. तिच्या लेखी 'छत्री' म्हणजे इतिहास. ती आणि तिच्या मैत्रिणी गोदापार्कात रविवारी संध्याकाळी रँडम डान्स ठेवत होत्या, दालबित परत आल्याच्या आनंदात. त्याची रीत अशी, की सगळे गोल उभे राहतात, स्पीकरवर गाण्यांचे तुकडे लागतात, आणि ज्याला ते गाणं येतं त्याने धावत मधे जाऊन आपापली जागा धरायची. कोणीच गेलं नाही तर गाणं बदलतात.

"'छत्री' लाव," मी म्हटलं.

"ताई, ते कोणालाच येत नाही."

"मला येतं."

ती हो म्हणाली. तिला फ्रेमवर सूट दिली होती, नाही कसं म्हणणार. मग मी तृप्तीला कळवलं. रविवारी, गोदापार्क, 'छत्री' वाजणार आहे, ये. एवढंसं पाठवायला मला किती धीर करावा लागला ते माझं मला माहीत. ती आली तर सगळं पुन्हा सुरू होणार होतं, आणि नाही आली तर तिचंच खरं होतं, संपलं होतं.

'ड्युटी आहे,' असं उत्तर आलं.

रविवारी दुकानातून निघायला माझा पाय उचलत नव्हता. पप्पा काउंटर पुसत होते.

"जा की. कशाची वाट बघतेस?"

"पप्पा, तिथे सगळी वीस वर्षांची पोरं असणार. त्यात मी उलटी नाचणार."

"मोकळ्या मैदानात आरसा नसतो. तिथे उलटं-सुलटं कोण बघतंय?" ते म्हणाले. मग फडकं झटकून म्हणाले, "आणि बघितलंच कोणी, तर माझं नाव सांग."

बघितलं. चांगलंच बघितलं. 'ठिणगी' लागल्याबरोबर पंधरा-वीस पोरं धावली, त्यांच्यात मीही. पहिल्याच वळणाला सगळे उजवीकडे गेले आणि मी डावीकडे. एका उंच मुलाच्या छातीवर माझं डोकं आपटलं आणि त्याचा चष्मा फरशीवर पडला. सवयीने मी तो उचलला, वाकलेली काडी सरळ केली, त्याच्या नाकावर बसवून दोन्ही बाजूंनी बघितला आणि गोलाच्या बाहेर आले. तो मुलगा म्हणाला, "थँक्यू काकू." ताई चाललं असतं.

मी पायऱ्यांवर जाऊन बसले. गाणी एकामागून एक लागत होती, पोरं धावत होती, धापा टाकत होती, हसत होती. छान नाचत होती, अगदी सरळ. मला त्यांचं कौतुक वाटत होतं आणि घरी जावंसंही वाटत होतं. दालबितचं सगळं आता यांच्याकडे आहे, आपण आपलं बघून खूश व्हावं, असं मी स्वतःला समजावत होते.

तेवढ्यात 'छत्री' लागलं.

दहा वर्षांपूर्वीचा तो कोवळा आवाज आणि मागे ते स्वस्तातलं संगीत. कोणी हललं नाही. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. साक्षीचं बोट फोनवर गेलं आणि तिने माझ्याकडे बघितलं. तिने बोट टेकवलं असतं तर पुढचं गाणं लागलं असतं आणि कोणालाही काही वाटलं नसतं. मला वाटलं असतं. त्या पाच जणींनी बोराने शिवलेल्या बाह्या घालून रिकाम्या हॉलसमोर हे गाणं म्हटलं होतं, आणि आज भरल्या मैदानात त्यासाठी एक माणूस उठू नये, हे मला सहन होईना. मी ओढणी कमरेला बांधली आणि मधे गेले.

पाय विसरले नव्हते. मी हेरिनच्या जागी उभी राहिले, बाकीच्या चार जागा मोकळ्या सोडून, आमच्या तीन स्टुलांच्या जागा टाळून फिरले. पोरांना कळेना की ही बाई रिकाम्या जागेला वळसा का घालतेय. कोणीतरी टाळ्यांचा ठेका धरला. दुसऱ्या कडव्याच्या आधी हेरिन छत्रीबाहेर पडते आणि दांडा बोराच्या हातात देते. मी हवेतला दांडा धरला, हात लांब केला आणि मनात म्हटलं, धर गं कोणीतरी.

धरला. डावीकडून एक हात आला आणि त्याने माझ्या हाताखाली दांडा घट्ट पकडला. ज्याला ते गाणं येतं तो कोणीही उजवीकडून आला असता. खरी बोरासुद्धा उजवीकडूनच आली असती. जगात डावीकडून येणारं माणूस एकच आहे.

तृप्तीच्या गळ्यात अजून रेल्वेचं ओळखपत्र होतं. तोंडावर घाम, केस विस्कटलेले. ती माझ्याकडे न बघता मात्रा मोजत होती, कारण बोरा तिथे हेरिनकडे बघत नाही. मला रडू फुटलं, पण हेरिन तिथे हसते, म्हणून मी हसले. दोघी फिरलो, सुटलो, पुन्हा जुळलो. एकदाही आदळलो नाही. आता पोरं ओरडायला लागली होती. साक्षीला राहवेना, ती दोन मैत्रिणींना ओढत मधे घुसली आणि नाचता नाचताच विचारलं, "ताई, आम्ही कुठे उभं राहू?"

तृप्तीने एकेकीला खांद्याला धरून तीन जागी उभं केलं. "इथे. आणि अजिबात हलायचं नाही."

त्या तिघी गाणं संपेपर्यंत जागच्या जागी ताठ उभ्या राहिल्या. इतकी चांगली स्टुलं आम्हाला पूर्वी मिळाली नव्हती.

नंतर आम्ही पायऱ्यांवर चहा घेऊन बसलो. दोघींनाही धाप लागली होती.

"ड्युटी होती ना?" मी विचारलं.

"बदलून घेतली. गाडी उशिरा आली, नाहीतर सुरुवातीलाच पोचले असते." ती चहात बघत म्हणाली, "खिडकीवर दिवसभर लोक मला एकच विचारतात. ताई, गाडी लेट आहे का कॅन्सल? मी सगळ्यांना समजावते, लेट म्हणजे कॅन्सल नाय, बसा, येईल. आणि त्यांच्या बाबतीत मीच कॅन्सल म्हणून बसले."

"कोणाच्या, दालबितच्या?"

"त्यांच्यापण," ती म्हणाली.

मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. ती म्हणाली, "जिना चढताना गुडघा दुखतो माझा हल्ली. बोरा मी घेतली, हे तरी बरोबर झालं." मी म्हटलं, पुढच्या वेळी तुला स्टुलावर बसवू. तिने लगेच विचारलं, पुढची वेळ कधी आहे. तिला रविवारची सुट्टी महिन्यातून एकदाच मिळते म्हणाली, आधी सांगावं लागेल.

तेवढ्यात साक्षी फोन घेऊन आली. तिने आमचा नाच काढला होता. व्हिडिओत दोन घामेजलेल्या बायका आणि तीन ताठ पोरी दिसत होत्या, आणि आम्ही दोघी इतक्या खूश दिसत होतो की मला आमचा हेवा वाटला.

"ताई, एक सांगू का?" साक्षी जरा अवघडून म्हणाली. "तुम्ही दोघींनी पूर्ण गाणं उलट केलंय. पण काही हरकत नाही, इथे एक बटण दाबलं की व्हिडिओ मिरर होतो. मग एकदम बरोबर दिसेल. दाबू?"

तिचं बोट बटणावर होतंच. आम्ही दोघींनी एकदमच तिचा हात धरला, मी उजवीकडून आणि तृप्तीने डावीकडून.

"राहू दे," तृप्ती म्हणाली. "तसाच टाक."